हजार डॉलरची कोब्रा : सीएसएक्स २२८७ ची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आज एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. एकाच गाडीची. मॉडेलची नव्हे, कंपनीचीही नव्हे. जमिनीला जसा सातबारा असतो आणि त्यावर एकामागून एक फेरफार नोंदवलेले असतात, तसा या गाडीचाही एक उतारा आहे. तो वाचताना गंमत वाटते, मग आश्चर्य वाटतं, आणि मधेच एके ठिकाणी घशाशी काहीतरी अडकतं.

गाडीचं नाव शेल्बी कोब्रा डेटोना कूपे. चेसिस नंबर सीएसएक्स २२८७. अशा फक्त सहा गाड्या बनल्या, त्यातली ही पहिली. आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात ती उभी आहे. किंमत विचारू नका. याच सहांपैकी दुसरी एक, सीएसएक्स २६०१, २००९ साली लिलावात ७२ लाख ५० हजार डॉलरच्या बोलीवर गेली होती. आपल्या गाडीला मात्र एक काळ असा आला होता की तिचे हजार डॉलरसुद्धा खूप झाले असं विकणाऱ्याला वाटलं.

आधी गाडी जन्माला कशी आली ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा माणूस. रेसर. १९५९ साली ॲस्टन मार्टिन चालवून त्याने रॉय साल्वाडोरीच्या जोडीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण हृदयाचं दुखणं मागे लागलं होतं. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवून शर्यती करायचा. १९६० नंतर ते थांबलंच. मग त्याने ठरवलं, चालवता येत नाही तर बनवू. इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकीफुलकी उघडी गाडी घेतली, तिच्यात फोर्डचं भलं मोठं व्ही-एट इंजिन बसवलं आणि नाव ठेवलं कोब्रा. १९६२ ची गोष्ट. पिकअप असा की अमेरिकेतल्या छोट्या वळणदार ट्रॅकवर हिला तोड नव्हती.

अडचण युरोपात आली. ल माँला तेव्हा जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता, मुलसान स्ट्रेट. तिथे उघडी कोब्रा ताशी अडीचशेच्या थोडं वर जाऊन दमायची. फेरारीची २५० जीटीओ तीनशेच्या आसपास पळायची. इंजिनात ताकद कमी नव्हती. वाऱ्यापुढे कोब्रा म्हणजे उघडी छत्री. तुम्ही पावसात मोटारसायकलवर छत्री धरून बसलेल्या माणसाला पाहिलंच असेल, तसंच काहीसं.

यावर उपाय काढला पीट ब्रॉक नावाच्या एका तरुण पोराने. हा शेल्बीचा पहिला नोकर म्हणायला हरकत नाही. त्याआधी जनरल मोटर्समध्ये असताना, विशीत असताना, त्याने जे रेखाटन केलं होतं त्यातून पुढे कॉर्व्हेट स्टिंग रे आली, म्हणजे हात चांगलाच होता. त्याने तीसच्या दशकातलं जर्मन संशोधन वाचलेलं होतं. वुनिबाल्ड काम नावाच्या तज्ज्ञाचं म्हणणं असं, की गाडीची शेपटी निमुळती होत होत फार लांब न्यायची गरज नाही. ठरावीक ठिकाणी ती सुरीने कापल्यासारखी तोडली तरी वारा तसाच सोडून जातो. डेटोना कूपेचा मागचा भाग बघा. कोणीतरी करवत घेऊन कापल्यासारखा दिसतो. दिसायला विचित्रच आहे. शेल्बीच्या वर्कशॉपमधल्या जुन्या जाणत्या लोकांनाही तो तसाच वाटला आणि बऱ्याच जणांनी या कामाला हात लावायचं टाळलं. ब्रॉकच्या बाजूने ठामपणे उभा राहिला तो केन माइल्स. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ सिनेमात ख्रिश्चन बेलने ज्याचं काम केलंय तोच.

तीनेक महिन्यांत गाडी तयार झाली. बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, आत ४.७ लिटरचं व्ही-एट आणि त्यावर चार वेबर कार्बोरेटर. फेब्रुवारी १९६४ मध्ये रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर माइल्सने ती पहिल्यांदा पळवली आणि तिथला लॅपचा विक्रम साडेतीन सेकंदांनी मोडला. रेसिंगमध्ये साडेतीन सेकंद म्हणजे फार झाले. लोक अर्ध्या सेकंदासाठी वर्षभर झिजतात. त्या दिवशी वर्कशॉपमधल्या टीकाकारांची तोंडं बंद झाली.

लक्षात ठेवा, या सहांपैकी फक्त ही एकच गाडी संपूर्णपणे कॅलिफोर्नियात, शेल्बीच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनली. उरलेल्या पाचांच्या बॉडी इटलीत मोदेनाला बनवून घेतल्या. मोदेना म्हणजे फेरारीचं घर! त्याला हरवायचं सामान त्याच्याच गल्लीतून तयार करून घेतलं. शेल्बीचा स्वभाव यावरून कळतो.

पुढची शर्यतींची कारकीर्द थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९६४, फ्लोरिडात डेटोना. पहिलीच शर्यत. बॉब होल्बर्ट आणि डेव्ह मॅकडोनाल्ड चालवत होते आणि गाडी चांगलीच आघाडीवर होती. मागचं डिफरन्शिअल तापलेलं, पिटमध्ये पेट्रोल भरताना भडका उडाला. एक मेकॅनिक भाजला, गाडी बाद. नाव मात्र त्या जागेचं चिकटलं ते कायमचं. मार्चमध्ये सेब्रिंग. तीच जोडी, जीटी गटात पहिला नंबर, एकूणात चौथा. मे महिन्याच्या शेवटी इंडियानापोलिसच्या शर्यतीत मॅकडोनाल्ड गेला. वेगळी गाडी, वेगळा संघ, आणि भयंकर आग. जूनमध्ये ल माँ. तिथे २२८७ ख्रिस एमन आणि योखेन नीरपाश यांच्याकडे होती. रात्री बॅटरी उतरली, बाहेरून दुसरी बॅटरी लावून सुरू केली, आणि नियमात ते बसत नसल्यामुळे बाद. त्याच शर्यतीत तिची धाकटी बहीण, डॅन गर्नी आणि बॉब बाँडुरंट यांच्या हातातली सीएसएक्स २२९९, एकूणात चौथी आणि जीटीत पहिली आली. फेरारीच्या जीटीओ तिच्या मागे.

१९६५ साली जुलैच्या ४ तारखेला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फ्रान्समधल्या रँसला जीटी गटाचं जागतिक विजेतेपद शेल्बीच्या नावावर पक्कं झालं. अमेरिकन कंपनीला ते पहिल्यांदाच मिळत होतं. त्या दिवशी २२८७ मैदानात नव्हती.

तिचं शेवटचं काम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालं, आणि ते जरा मजेशीर आहे. युटामधल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर गुडइयर टायर कंपनी क्रेग ब्रीडलव्हला घेऊन जेट गाडीने जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करत होती. तो झालाही. पण मैदान रिकामं सोडलं तर प्रतिस्पर्धी फायरस्टोनचा माणूस येऊन लगेच तो मोडणार. मग मैदान अडवून ठेवायला काहीतरी पळवत राहायला हवं. शेल्बीकडे विचारणा झाली, आणि आपली ही थकलेली गाडी पाठवण्यात आली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा हा रुमाल. त्या रुमालाने जाता जाता अंतराचे आणि वेळेचे वीसहून अधिक राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय विक्रम केले.

आणि मग गाडीचं काम संपलं.

रेसिंगची जुनी गाडी म्हणजे काय असते, हे आज आपल्याला समजणं अवघड आहे, कारण आज आपण तिच्याकडे इतिहास म्हणून बघतो. १९६५-६६ मध्ये ती फक्त मागच्या वर्षीची गाडी होती. फोर्डचं सगळं लक्ष जीटी-४० कडे गेलेलं. दिवाळी झाल्यावर आकाशकंदिलाला कोण विचारतो? शेल्बीला ह्या कूपे विकता विकता नाकी नऊ आले. २२८७ घेतली मॉडेल मोटारी बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका उद्योजकाने. त्याच्याकडून थोड्याच काळात ती गेली फिल स्पेक्टरकडे, सुमारे सात हजार डॉलरला. तुलनेसाठी सांगतो, त्या काळी नवी कोरी कॉर्व्हेट चार हजारांच्या आसपास मिळायची.

फिल स्पेक्टर म्हणजे साठच्या दशकातला अमेरिकन संगीतातला बडा निर्माता. ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची त्याची ध्वनिमुद्रणाची पद्धत प्रसिद्ध आहे. पैसा भरपूर, हौस दांडगी. त्याने ही रेसची गाडी लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर चालवायला घेतली! आता विचार करा. ही गाडी चोवीस तास पूर्ण वेगात पळायला बनवलेली. आत ना एसी, ना आवाज अडवायला काही. इंजिनाची धग थेट केबिनमध्ये. सिग्नलला दोन मिनिटं थांबलात तर भट्टीत बसल्यासारखं, आणि सिग्नल सुटला की ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला तरी वेगमर्यादा पार. व्हायचं तेच झालं. दंडाच्या पावत्या साचल्या. वकिलाने सांगितलं म्हणतात, की बाबा रे, ही गाडी तरी सोड नाहीतर लायसन्स तरी जाईल.

दुरुस्तीचा खर्च, भंगारात काय मिळेल याची चौकशी, आठशे डॉलरचा भाव, असं सगळं सांगितलं जातं. शेवटी स्पेक्टरच्या बॉडीगार्डने हजार डॉलर देऊन गाडी घेतली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. त्या बॉडीगार्डने ती आपल्या मुलीला आणि जावयाला दिली. पुढे त्या दोघांचा घटस्फोट झाला आणि गाडी मुलीकडे राहिली.

या बाईचं नाव मी घेणार नाही. इंटरनेटवर ते सापडेल, पण ती काही सार्वजनिक जीवनातली व्यक्ती नव्हती. वडिलांनी दिलेली एक वस्तू जवळ असलेली, नोकरी करून राहणारी साधी बाई.

सुरुवातीला तिने गाडी थोडीफार चालवली. मग भाड्याच्या एका गोदामात, आपण ज्याला गाळा म्हणू तशा जागेत, ती लावून ठेवली. कॅलिफोर्नियातलंच अनाहाइम. डिस्नेलँड आहे ते. तिथून जवळच लाखो लोक दरवर्षी येऊन गेले आणि बंद शटरमागे ही गाडी वर्षानुवर्षं तशीच उभी.

इकडे जग बदललं. सत्तरचं दशक संपता संपता आणि ऐंशीच्या दशकात लोकांना जुन्या रेसच्या गाड्यांची किंमत कळू लागली. जीटीओ लाखांत गेल्या, मग दशलक्षांत. डेटोना कूपेच्या शोधात लोक निघाले. सहापैकी पाच कुठे आहेत ते ठाऊक होतं. पहिली कुठे आहे? हळूहळू माग लागत गेला. पत्रं आली, फोन आले, दारात माणसं आली. संग्राहक, दलाल, रेसर. खुद्द कॅरोल शेल्बीने प्रयत्न केला. ती कोणालाच बधली नाही. गाडी विकायची नाही, एवढंच उत्तर. कधी कधी तेवढंही नाही.

या गोष्टीचे जे जे वृत्तांत मी वाचलेत, त्यातल्या बहुतेकांत या टप्प्यावर एक सूर येतो. विक्षिप्त बाई, एककल्ली बाई, हातात कोट्यवधींचा माल असून कळत नाही. जणू ती या गोष्टीतला अडथळा. लिहिणारे सगळे गाड्यांचे शौकीन, त्यांना गाडी बघायची घाई, आणि ही बाई शटर उघडायला तयार नाही. मला हा सूर खटकतो. तिची वस्तू होती. वडिलांकडून आलेली होती. ती न विकण्याचं कारण सांगायला ती कोणाला बांधील नव्हती. आपल्याकडे कितीतरी घरांत आजीची पाटल्यांची जोडी, आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ असं कपाटात असतं आणि विकत का नाही म्हणून कोणी विचारत नाही. तिच्या वस्तूची किंमत तेवढी लोकांना ठाऊक झाली, एवढाच फरक.

ऑक्टोबर २००० मध्ये तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. ज्या पद्धतीने संपवलं त्याचं वर्णन सगळीकडे रसभरीत दिलेलं आहे, मी देणार नाही. जवळ ओळख पटण्यासारखं काही नव्हतं. ती कोण हे पोलिसांना कळायलाही काही दिवस लागले. वर्षानुवर्षं तिच्या गाडीचा शोध चालला होता. तिचा शोध कोणी घेतला तर तिच्या एका जुन्या मित्राने, तोही ती हरवल्याची तक्रार द्यायला गेला तेव्हा.

(इथे रेकॉर्डिंगमध्ये थोडी शांतता आहे.)

पुढे सुरू झालं ते कोर्टकचेरीचं प्रकरण. आपल्याकडच्या जमिनीच्या भांडणांची सवय असलेल्या माणसाला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. तिची आई कायदेशीर वारस. आईने गाडी एका व्यापाऱ्याला विकली, सुमारे तीस लाख डॉलरला. त्या व्यापाऱ्याने ती लगेच पुढे विकली, चाळीस लाखांच्या आसपास. काही महिन्यांतच गाडी कॅलिफोर्नियाच्या गोदामातून निघून थेट फिलाडेल्फियाला पोचलीसुद्धा. आणि मग तो मित्र उभा राहिला. त्याचं म्हणणं, जाण्यापूर्वी तिने गाडी मला दिली होती, तसा कागद आहे. म्हणजे बक्षीसपत्र विरुद्ध वारसाहक्क! आणि हे कमी म्हणून की काय, फिल स्पेक्टरही पुढे आला. तो म्हणाला, मी गाडी विकलीच नव्हती, फक्त सांभाळायला दिली होती. तीस वर्षांनी आठवण झाली त्याला. हजार डॉलरची होती तेव्हा सांभाळायला दिली आहे हे लक्षात नव्हतं, चाळीस लाखांची झाल्यावर आलं. असो. या स्पेक्टरचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच असेल. २००३ साली त्याच्या घरी लाना क्लार्कसन या अभिनेत्रीचा गोळी लागून मृत्यू झाला, २००९ मध्ये खुनाच्या आरोपात तो दोषी ठरला, आणि २०२१ मध्ये कैदेत असतानाच वारला.

गाडीचा वाद शेवटी आपसात मिटला. पैशांची वाटणी झाली आणि गाडी फिलाडेल्फियातच राहिली.

आता गाडीचा आजवरचा शेवटचा मोठा मालक. डॉ. फ्रेडरिक सिमिओनी. व्यवसायाने मेंदूचे शल्यविशारद, फिलाडेल्फियात नावाजलेले. आयुष्यभर त्यांनी रेसिंगच्या गाड्या जमवल्या, त्याही अशा की ज्यांनी खरोखर मैदान गाजवलंय. १९३७ ची ल माँ जिंकलेली बुगाटीची ‘टँक’ त्यांच्याकडे होती. २००८ साली त्यांनी हे सगळं लोकांसाठी खुलं केलं, सिमिओनी फाउंडेशन ऑटोमोटिव्ह म्युझियम. २०२२ मध्ये ते गेले. गाड्या विकल्या गेल्या नाहीत, संग्रहालय चालू आहे.

या डॉक्टरांचा एक आग्रह होता आणि त्यासाठीच मी ही गोष्ट आज निवडली. ते म्हणत, जुनी गाडी नवी करू नका. त्यावर त्यांनी पुस्तकच लिहिलं. जुनी इमारत, जुनं चित्र, जुनं हस्तलिखित आपण जसं जपतो तसंच गाडी जपा. रंग उडालाय, उडू दे. पत्र्याला पोचा आलाय, असू दे. कारण तो पोचा सेब्रिंगला आलेला असू शकतो.

आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलींना गेलात तर काय दिसतं? गाड्या अशा चमकतात की कारखान्यातून निघाल्या त्या दिवशीही तितक्या चमकल्या नसतील. क्रोमचा नवा मुलामा, नवं लेदर, नवा धातूचा चकचकीत रंग. मी नावं ठेवत नाही, मालकांचा जीव असतो त्यात, घरचे पैसे घालून ते हे करतात. पण त्या झगमगाटात १९३८ सालचं नेमकं काय उरलं? केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज वाहनांचे नियम केले, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, आणि त्यातही अट घातली की गाडी मूळ स्वरूपात हवी, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत. आता ‘मूळ’ कशाला म्हणायचं, यावर गॅरेजमध्ये आणि आरटीओत वाद घालायला भरपूर वाव आहे.

रेसच्या गाड्यांचं तर याहून वाईट असतं. रेसची गाडी जिंकत असते तेव्हा दर आठवड्याला तिचे भाग बदलतात. ठोकली की पुढचा भाग नवा, पिस्टन फुटला की इंजिन नवं. कारकीर्द संपली की दुय्यम रेसर घेतो, तो चाकं रुंद करतो, मडगार्ड कापतो. मग तिची किंमत वाढते, मग श्रीमंत संग्राहक येतो आणि सगळं काढून ‘जसं होतं तसं’ नव्याने करतो. नवा पत्रा, नवा रंग, जुना फक्त चेसिसवरचा नंबर. कधी कधी तर एकाच नंबरच्या दोन गाड्या बाजारात असतात आणि दोन्ही मालकांच्या हातात कागद असतात. डेटोना कूपेच्या तर प्रतिकृती हव्या तेवढ्या मिळतात, किट घेऊन घरी जोडता येतात. पीट ब्रॉकने स्वतः एका नव्या आवृत्तीचं डिझाइन केलं आहे.

या सगळ्यात २२८७ वेगळी का ठरली? १९६५ च्या बॉनेव्हिलनंतर तिच्यावर कोणी काम केलंच नाही म्हणून. स्पेक्टरने रस्त्यावर थोडी पळवली. त्यानंतर बॉडीगार्ड, आणि त्यानंतर ती बाई. ऐंशीच्या दशकात तिने गाडी विकली असती, तर घेणाऱ्याने काय केलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. सुटी करून, रंग खरवडून, पत्रे सरळ करून, नवा निळा रंग मारून उभी केली असती. त्या काळी तीच पद्धत होती, चांगल्या मनाने करत होते. शटर बंद राहिलं म्हणून केन माइल्सने हाताळलेला तो पत्रा तसाच राहिला.

हवामानाचाही वाटा आहे, तो नाकारून चालणार नाही. दक्षिण कॅलिफोर्निया कोरडा. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. पण ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून असतील आणि मधे खारट दमट हवा शिरली, तर ॲल्युमिनियम आतून पोखरलं जातं, पांढरी भुकटी होते. हीच गाडी तीस पावसाळे रत्नागिरीत किंवा अलिबागला एखाद्या पडवीत उभी असती, तर डॉक्टरांना काही वेगळंच मिळालं असतं.

सिमिओनींनी गाडी चालती केली. नळ्या, ब्रेक, तेल, सुरक्षेसाठी जे लागतं ते. वरचं रूप राहू दिलं. निळा रंग, पांढरे पट्टे, आणि त्यावर काळाने केलेलं सगळं काम. काही लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, चाळीस लाख मोजून हे? मला वाटतं, ते जे राहू दिलं त्याचेच तर चाळीस लाख होते.

२०१४ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट झाली. अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींची राष्ट्रीय नोंदवही १९६६ पासून आहे, पण मोटारींची तशी काही नव्हती. हिस्टॉरिक व्हेइकल असोसिएशनने सरकारी खात्याच्या मदतीने मोटारींची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. गाडीचं लेसरने मोजमाप, आराखडे, छायाचित्रं, मालकीचा सगळा इतिहास, आणि हे दप्तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कायमचं जमा. त्या नोंदवहीत पहिली गाडी कोणती घ्यायची? फोर्डची मॉडेल टी घेता आली असती, सगळ्यांना पटली असती. पहिली नोंद झाली ती सीएसएक्स २२८७ ची.

त्या दप्तरात स्पेक्टर आहे, शेल्बी आहे, ब्रॉक, माइल्स, ब्रीडलव्ह सगळे आहेत. ज्या बाईमुळे नोंदवण्यासारखं काही शिल्लक राहिलं, ती त्या यादीत मालकांपैकी एक. माझ्या हातात असतं तर गाडीसमोरच्या पाटीवर दोन ओळी तिच्यासाठी वेगळ्या लिहिल्या असत्या. नाव न घालता चाललं असतं. ‘यांनी ही गाडी तीस वर्षं सांभाळली’ एवढं पुरे.

आपले बरेच श्रोते न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या बाजूला आहेत, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. संग्रहालय फिलाडेल्फिया विमानतळापासून फार लांब नाही. ठरावीक शनिवारी तिथे ‘डेमो डे’ असतो. त्या दिवशी काही गाड्या मागच्या मोकळ्या आवारात काढून चालवून दाखवतात. आधी वेबसाइटवर बघा, त्या दिवशी कोणत्या गाड्यांची पाळी आहे ते दिलेलं असतं. कोब्राची पाळी असेल तर लहान मुलांच्या कानांना काहीतरी लावून न्या, त्या व्ही-एटला सायलेन्सर नावापुरताच आहे.

प्रश्न, दुरुस्त्या, तुमच्या घरातल्या जुन्या गाड्यांच्या गोष्टी नेहमीच्या पत्त्यावर पाठवा.